सात मिनिटं पुढचं घड्याळ

सोवळ्याला खिसा नसतो. अख्खं जग मोबाईलमध्ये वेळ बघायला लागलं तरी भटजींना मनगटी घड्याळ का लागतं, याचं उत्तर एवढंच आहे; पण अपूर्व आठल्येला ते सव्वीस वर्षांचा होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याची औषध कंपनीतली नोकरी सोडून तो गणपतीत रत्नागिरीला आला, तो परत गेलाच नाही. भास्करकाकांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, लग्नामुंजींची आमंत्रणं मात्र कमी होत नव्हती, आणि लहानपणी काकांनीच घोकून घेतलेलं सगळं अपूर्वच्या डोक्यात अजून शाबूत होतं. आता तुळशीची लग्नं लागली, मुहूर्तांचा मोसम उघडला आणि येत्या शुक्रवारी त्याचं पहिलं लग्न होतं. म्हणजे त्यानं लावायचं पहिलं. त्याच्या स्वतःच्या लग्नाबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मुहूर्त होता बारा वाजून सतरा मिनिटांचा. विधी अपूर्वनं सांगायचे, काका फक्त अंतरपाटाचं दुसरं टोक धरायला येणार. सोमवारपासूनच अपूर्वला अन्न गोड लागेना. मंत्रांची भीती नव्हती, भीती होती ती घड्याळाची.

कारण त्याच्या मनगटावरचं घड्याळ पुण्याचं होतं. पावलं मोजणारं, नाडी बघणारं, काळ्या पडद्याचं. पहिल्याच पूजेला, ऐन संकल्पात ते हाताला गुदगुल्या करून म्हणालं, फार वेळ बसलात, उठून जरा चाला. तुपाच्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नव्हता. आणि मनगट झटकल्याशिवाय तो उजळत नव्हता. अंतरपाट धरलेला हात झटकणार कसा?

काकांच्या मते तर त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा वेगळाच होता. नऊला बोलावलं की अपूर्व नऊच्या ठोक्याला वरच्या आळीतल्या काकांच्या दारात उभा असायचा, आणि काका ओटीवरूनच म्हणायचे, "आलास? पाच-सात मिनिटं गेली की रे! तुझं ते खेळणं मागे पडतंय." दोन-तीनदा अपूर्वनं फोन काढून दाखवायचा प्रयत्न केला, तर काका म्हणाले, "फोन टॉवरवर चालतो. मी माझ्या घड्याळावर चालतो." आठल्ये भटजींचा मुहूर्त सेकंदानं चुकत नाही, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अपूर्वनं मुकाट्यानं मान्य केलं की तोच उशिरा पोचतो. तो अर्धी वाट पळत यायला लागला, तरी उशीर काही संपेना.

"शुक्रवारच्या आत दुसरं घड्याळ घे," काकांनी बुधवारी सकाळी फर्मान काढलं. "चामड्याचा पट्टा नको, सोवळ्यात चालत नाही. स्टीलचा नको, होमाजवळ तापतो आणि मनगटावरचे केस उपटतो. तबकडी पांढरी, आकडे ठसठशीत, सेकंदकाटा पाहिजेच. आणि बांधायचं असं." त्यांनी डावा हात पुढे केला. त्यांच्या घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला होती. "अंतरपाट धरला की तबकडी आपोआप आपल्या तोंडासमोर येते. मान हलवायला नको. भटजी घड्याळाकडे बघताना दिसला की लोकांना घाई सुटते."

मग त्यांनी आयुष्यात फारसं केलं नसेल असं काहीतरी केलं. स्वतःचं घड्याळ काढून अपूर्वच्या हातात दिलं. रोज किल्ली द्यायचं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. त्याला वासंतीकाकूंनी जुन्या रेशमी कदाच्या काठाचा पट्टा शिवला होता आणि त्याचं बक्कल तुटलं होतं. "एवढं बसवून आण. काट्यांना हात लावू देऊ नकोस."

राम आळीत विनोदचं घड्याळांचं दुकान होतं. विनोद हा बोलका माणूस. त्याच्याकडे सेल बदलायला गेलेला माणूस चहा घेतल्याशिवाय सुटत नसे.

"धंदा बघून घड्याळ द्यावं लागतं वो," तो काचेवर एकेक घड्याळ मांडत म्हणाला. "नर्सबाईंना सेकंदकाटा, बोटीवरच्या माणसाला पाणी न जाणारं, पुढाऱ्याला चकाकणारं. भटजींना काय देऊ?"

अपूर्वनं काकांची यादी म्हणून दाखवली. विनोद हसायलाच लागला. "हे तर बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना देतो ते!" त्यानं खालच्या खणातून एक साधं घड्याळ काढलं. पांढरी तबकडी, हरभऱ्याएवढे आकडे, नायलॉनचा काळा पट्टा. अपूर्वनं ते आतल्या बाजूनं बांधलं, दोन्ही हात अंतरपाट धरल्यासारखे वर केले, आणि वेळ खरोखरच त्याच्या तोंडासमोर आली. त्याचा जीव थोडा थंडावला. पण ते सुख चहा येईपर्यंतही टिकलं नाही.

विनोदनं फोन बघून नव्या घड्याळाची वेळ लावली आणि काकांचं घड्याळ बक्कल बसवायला शेजारी घेतलं. दोन्ही शेजारी शेजारी. एकात अकरा वाजून दहा, दुसऱ्यात अकरा वाजून सतरा.

"काकांचं पुढे पळतंय काय?" अपूर्वनं विचारलं.

विनोदनं ते यंत्रावर ठेवलं, कान लावला, मान हलवली. "पळत नाही. दिवसाला अर्धं मिनिट मागे पडत असेल, बस. चालतंय फस्क्लास. लावलंय चुकीचं. सात मिनिटं मागे घेऊ?"

"नको!" अपूर्व एवढ्या जोरात ओरडला की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

तो दुकानातून निघाला तो चालत नव्हताच, पळत होता. काका रोज सकाळी घड्याळ लावायचे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. रेडिओवर बातम्यांच्या आधी ठोके पडायचे, शेवटच्या ठोक्याला काका काटा जुळवायचे, मगच चहा. पण रेडिओ बंद पडून सहा वर्षं झाली होती. मग काका घड्याळ कशावर लावतात?

उत्तर काकूंच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या वर टांगलेलं होतं. भिंतीवरचं गोल घड्याळ. अपूर्वनं नवं घड्याळ त्याच्याखाली धरलं. सात मिनिटं पुढे.

"काकू, हे पुढे आहे."

"मीच केलंय," वासंतीकाकू नारळ खवता खवता म्हणाल्या. "गुडघे धरल्यापासून यांना निघायला उशीर व्हायचा, आणि मग रस्ताभर चिडचिड. म्हणून केलं सात मिनिटं पुढे. दहा केली असती तर यांच्या लक्षात आलं असतं."

"किती वर्षं झाली?"

"झाली असतील पाच-सहा. का रे?"

"काका मनगटावरचं घड्याळ यावर लावतात."

काकूंचा हात खवणीवर थांबला. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग ओटीकडे, मग अपूर्वकडे. बिचाऱ्यांनी नवऱ्याचा उशीर टाळायला एक काटा सरकवला आणि गावातली सहा वर्षांची लग्नं सात मिनिटं आधी लावून टाकली. आणि कुणाच्या लक्षात कसं येणार? मुहूर्त टळला तर दहाजण बोंब मारतात. लवकर लागला तर लोक पानावर बसायला मोकळे. त्यातून काकांचं घड्याळ अचूक असल्याचा एवढा बोलबाला, की कुणाचा फोन मागे दिसला तर तोच फोनला दोन चापट्या मारायचा.

"आर्या," काकू पुटपुटल्या.

अपूर्वच्याही मनात तेच आलं होतं, म्हणून तर तो पळत आला होता. आर्या म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. विधी सांगायला पावसचे भटजी होते, पण मुहूर्त काकांच्याच घड्याळावर लागला. चौदा महिन्यांनी आर्या एक बॅग घेऊन ठाण्याहून परत आली. सध्या ती भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात कामाला होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, मध्ये फारसं बोलायची नाही. गावानं विचारायचं ते विचारलंच. पत्रिका नीट बघितली होती ना? मुहूर्त साधला होता ना? आणि काका दरवेळी छाती काढून सांगायचे, "मुहूर्त सेकंदानं चुकला नाही. माझ्या हातावर घड्याळ होतं." झालं. पत्रिका बरोबर, मुहूर्त बरोबर, मग चूक कुणाची उरली? बायका वजाबाकी करायच्या आणि उत्तर आर्याच्या पदरात टाकायच्या. एकदा भाट्याच्या पुलावर गाडी थांबवून तीच अपूर्वला म्हणाली होती, "बाबांचं घड्याळ बरोबर आहे ना, म्हणून मी चूक आहे."

काकांना हे कधी कळलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण मुलीची बाजू घेतोय.

"त्यांना सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "त्यांच्याजवळ दुसरं आहे काय? मुहूर्त चुकला म्हणून पोरीचं मोडलं, असंच घेतील ते जिवाला लावून. झोपेतनं उठून बसतील."

"आणि शुक्रवारी? त्यांचं घड्याळ सतरा दाखवेल तेव्हा माझ्या घड्याळात दहा असतील. कुणाचं ऐकू?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि परत नारळ घेतला, पण करवंटीत खवायला काही उरलं नव्हतं.

गुरुवार अपूर्वनं कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो बसला की उठायचा, उठला की घड्याळ बघायचा. बक्कल बसवलेलं घड्याळ परत काकांच्या मनगटावर गेलं होतं; भिंतीवरचं गुपचूप मागे घ्यावं, तर काका सकाळी मनगटावरचं बघून म्हणणार, भिंतीवरचं मागे पडलं; आणि ते परत पुढे करणार. काकांना गोळी देऊन घरीच झोपवावं, असाही एक पापी विचार त्याच्या मनात येऊन गेला. मुहूर्तावर त्याचा स्वतःचा किती विश्वास होता? पुण्यात असताना विचारलं असतं तर तो हसला असता. पण यजमानांनी मुहूर्तासाठी बोलवायचं आणि आपण जाणूनबुजून चुकीच्या वेळेला अंतरपाट ओढायचा, हे त्याला जमण्यातलं नव्हतं. आणि काकांना जगासमोर खोटं पाडणं तर त्याहून नव्हतं.

शुक्रवार उजाडला. कार्यालय माणसांनी भरलं होतं. नवरी ईशा ही आर्याची शाळेतली मैत्रीण, म्हणून आर्याही आली होती. साधी साडी नेसून मागच्या खुर्चीत बसली होती. ईशाची आजी यमुनाबाई पुढच्या रांगेत. त्यांच्या घरच्या नातवंडांची लग्नं काकांनीच लावलेली, त्यामुळे त्यांचा काकांवर देवाएवढा विश्वास आणि देवाला विचारतात तेवढेच प्रश्न.

अंतरपाट धरला गेला. अलीकडे ईशा, पलीकडे हर्षद, दोघांच्या हातात हार. एका टोकाला अपूर्व, दुसऱ्याला काका. मंगलाष्टकं सुरू झाली. ईशाच्या मावशीनं दोन म्हटली, हर्षदच्या बहिणीनं एक कागदावर लिहून आणलेलं म्हटलं. अपूर्वच्या तोंडासमोर ठसठशीत आकडे होते. बारा वाजून दहा.

काकांनी भुवया उंचावल्या. म्हणजे, घे. सांग शेवटचं.

अपूर्वनं डोळे मिटले आणि आणखी एक मंगलाष्टक सुरू केलं.

काका चमकले. ते संपलं तसे त्यांनी घसा खाकरला. अपूर्वनं श्वास न घेता पुढचं धरलं. बारा वाजून बारा. काकांचा चेहरा लाल झाला. त्यांच्या हिशेबानं मुहूर्त टळत होता, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच पुतण्याच्या हातून. त्यांनी टोक हिसकलं आणि अंतरपाटाला लाट आली. "अप्या," ते दातांवर दात ठेवून पुटपुटले, "मेल्या, वेळ गेली!" आणि त्यांनी स्वतःच शेवटचा श्लोक म्हणायला तोंड उघडलं.

आता बोलायची सोय नव्हती. तीनशे माणसं अक्षता मुठीत धरून सावधान होण्याची वाट बघत होती. अपूर्वनं अंतरपाट सोडला नाही. फक्त डावं मनगट हळूहळू वळवलं, इतकं, की पांढरी तबकडी काकांच्या समोर आली. परीक्षेच्या पोरांचं घड्याळ. आकडे हरभऱ्याएवढे. बारा वाजून तेरा.

काकांनी त्या घड्याळाकडे बघितलं. स्वतःच्याकडे बघितलं. कार्यालयाच्या भिंतीवर बघितलं, तिथेही तेरा. मग त्यांची नजर गर्दीत काकूंवर गेली. काकूंनी मान खाली घातली होती. चाळीस वर्षांचा संसार. एवढं बघून कळायचं ते काकांना कळलं. आणि मग त्यांची नजर मागच्या खुर्चीवर गेली, आर्यावर, आणि तिथेच थांबली.

क्षणभर अपूर्वला वाटलं, काका पडतात. पण काकांनी अंतरपाट घट्ट धरला आणि खर्जात एक जुनं, लांबलचक मंगलाष्टक सुरू केलं. एक संपलं, दुसरं घेतलं. नवरीच्या हातातला हार खाली यायला लागला, मामानं तो मागून उचलून धरला, कॅमेरावाल्यानं वैतागून पाय बदलला. काका म्हणत राहिले, डोळे अपूर्वच्या मनगटावर ठेवून. बारा सोळा. बारा सतरा. काकांनी मान हलवली, अपूर्वनं शेवटचा श्लोक म्हटला, अंतरपाट ओढला गेला आणि अक्षतांचा पाऊस पडला. वाजंत्री वाजायला लागली.

पुढचे विधी संपेपर्यंत काकांनी स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं नाही. दुपारी पंगतीत ते, काकू, अपूर्व आणि आर्या एका ओळीत बसले. वाढपी मठ्ठा घेऊन फिरत होते. पलीकडच्या पानावरून यमुनाबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तोच प्रश्न विचारला, जो त्या प्रत्येक लग्नात विचारायच्या.

"भटजींनू, आज बेस लावलात. पन मला सांगा, सगल्यांची लग्ना तुमी येलेवर लावता, मग तुमच्याच लेकीचा आसा कसा झाला वो?"

आर्याचा घास हातातच राहिला. अपूर्वनं मनात म्हटलं, आता काका छाती काढणार. सेकंदानं चुकला नाही.

काका पानावरून उठले. जेवताना उठायचं नसतं, हे जन्मभर दुसऱ्यांना सांगणारा माणूस उठून उभा राहिला.

"चुकला होता, यमुनाबाई," ते म्हणाले. "आर्याचा मुहूर्त चुकला होता. सात मिनिटं. माझं घड्याळ चुकीचं होतं. दोन वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की बरोबर होतं, ते खोटं. चूक माझी. तिची काही नाही. हे आता सगळ्यांना सांगा; तुम्ही सांगितलंत की गावभर पोचतं."

यमुनाबाई आ वासून बघत राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं. "सात मिन्टा? म्हंजे आमच्या लवूचा लगीन पन आदीच लागला काय?"

"लवूचंही. सहा वर्षांतली सगळीच."

"तरीच!" म्हातारी गुडघ्यावर थाप मारून म्हणाली. "तरीच त्याला जुली पोरा झाली!"

पंगत फिस्सकन हसली. त्या हसण्यात काकांनी परत बसून पानाला नमस्कार केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि वाढप्याला वाटलं, भटजींना ठेचा लागला.

घरी आल्यावर काकूंनी स्टूल ओढलं, भिंतीवरचं घड्याळ काढायला. काका नको म्हणाले. "राहू दे तसंच. मला निघायला लागतं वेळेवर." त्या एवढ्या बोलण्यानं काकूंच्या मनावरचं ओझं उतरलं आणि त्या चहा टाकायला वळल्या.

आर्या ओटीवर बापाशेजारी बसली. अपूर्व दारात उभा होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला घड्याळ बघावंसं वाटत नव्हतं.

"बाबा," आर्या म्हणाली, "मुहूर्त बरोबर साधला असता तरी तो माणूस तसाच वागला असता. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय गो," काका म्हणाले. "पण गावाला कुणालातरी चूक म्हणायचंच असतं. दोन वर्षं तुला म्हणत होते. आता मला म्हणू देत."

आर्यानं तोंड ओंजळीत झाकलं आणि ती रडली. बॅग घेऊन आली त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती. काकांनी तिला रडू दिलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडून तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे आता तू लाव. बरोबर लाव."

आर्यानं नाक पुसलं. "अप्या, किती वाजले?"

अपूर्वनं मनगट वळवून तिच्यासमोर धरलं. तिनं बघितलं, किल्ली बाहेर ओढली आणि काटा मागे घेतला.